पाणी नेमकं मुरतंय कुठे? कापडी छताच्या गाडीत पुन्हा पुन्हा येणारी ओल

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. गाडी धुतली किंवा रात्रभर पाऊस झाला, की दुसऱ्या दिवशी दार उघडताच कुबट वास येतो. सीटमागचा गालिचा हाताला ओला लागतो, काचा आतून धुरकटलेल्या असतात. मग छत घासून धुवायचं, वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारायचा, दोन दिवस गाडी उन्हात उघडी ठेवायची. वास जातो. पुढच्या पावसात पुन्हा तेच.

मी हे सगळं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी छतावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे होते, म्हणजे स्प्रेने त्याचं काम चोख केलं होतं. तरीही सीटमागे पाणी होतंच. तेव्हा कुठे लक्षात आलं, की मी दोन वेगळ्या दुखण्यांना एकच समजत होतो. छताचं कापड पाणी पितं, हे एक. गाडीच्या आत पाणी येतं, हे दुसरं. पहिल्याचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. बहुतेक लोक मात्र पहिल्याच औषधाचे डोस वाढवत राहतात.

कन्व्हर्टिबलचं, म्हणजे छत घडी करून उघडता येणाऱ्या गाडीचं, कापडी छत साधारणपणे तीन थरांचं असतं. बाहेर ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचं विणलेलं कापड, मध्ये रबराचा थर आणि आत सुती किंवा पॉलिएस्टरचं अस्तर. पाणी अडवतो तो मधला रबराचा थर. बाहेरच्या कापडावर कारखान्यातच जलरोधक लेप दिलेला असतो, पण त्याचं काम एवढंच, की वरचं कापड भिजून जड होऊ नये. तो लेप पूर्ण झिजला तरी छताच्या मधोमध थेंब टपकायला लागत नाहीत. भिजलेलं कापड दिवसेंदिवस ओलं राहतं, त्यात धूळ रुतते, शेवाळ धरतं, शिवणी सतत पाण्यात राहतात. हे नुकसान खरंच आहे आणि स्प्रे त्याच्यासाठीच आहे. पण पायाखालच्या पाण्याचा उगम बहुतेक वेळा छताच्या कापडात नसतोच.

आधी ओल कुठे आहे ते बघा

काहीही धुण्याआधी, काहीही विकत आणण्याआधी हे करा. पायपुसणी काढा आणि गालिच्यावर नुसता हात फिरवून समाधान मानू नका. गालिच्याखाली जाड फोम असतो. तो स्पंजसारखा लिटर-लिटर पाणी धरून ठेवतो आणि वरचा गालिचा तेव्हा कोरडा लागतो. कोपरा उचलून फोम बोटांनी दाबा. पाणी वर आलं तर रोग जुना आहे.

ओल सीटमागे, कोपऱ्यात असेल तर पहिला संशय छतावरचं पाणी गाडीखाली नेणाऱ्या निचऱ्याच्या नळ्यांवर घ्या. दाराच्या उंबऱ्यालगत, सीटच्या बाजूला असेल तर काच, दाराचं रबर किंवा दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण बघा. समोरच्या काचेच्या वरच्या कडेतून थेंब पडत असतील तर छताचा पुढचा दांडा तिथे घट्ट बसत नाही. आणि पाणी फक्त पुढे, डॅशबोर्डखालून येत असेल, तेही एसी चालवल्यावरच, कडकडीत कोरड्या दिवशीसुद्धा, तर छताचा काही संबंध नाही. एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. तेच पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि समोरची काच आतून तेलकट धुरकटत असेल, तर ते हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. ते घरी करण्याचं काम नव्हे.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पाणी जिथे शिरतं तिथेच साचत नाही. गाडी उतारावर नाक खाली करून उभी असेल तर मागून शिरलेलं पाणी पुढच्या पायाशी येऊन थांबतं. म्हणून तपासणी सपाट जागेवर करा, आणि गाडी रोज कशी उभी असते तेही आठवा.

नेमकी जागा सापडत नसेल तर पाइपने पाणी सोडून बघा. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसू दे. शिवणी, काचांच्या कडा आणि रबराच्या सांध्यांवर टिश्यू पेपरच्या पट्ट्या ठेवा, पहिला थेंबही त्यावर दिसतो. पाण्याची धार हळू ठेवा आणि खालून वर चढत जा. आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची कड, मग छताची बाजू, मग मागची काच, सगळ्यात शेवटी वरचं कापड. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी सगळीकडून ओघळतं आणि कोणत्या फटीतून आत आलं ते कधीच कळत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण याने वाचणारा वेळ मोठा आहे.

छताची पन्हळ

आता मुख्य गोष्ट. छतावरून मागे आणि बाजूला ओघळणारं पाणी बहुतेक कन्व्हर्टिबलमध्ये सरळ बाहेर पडत नाही. छत जिथे घडी होऊन बसतं त्या खाचेच्या कडेला एक पन्हळ असते, त्यात ते गोळा होतं. तिथून दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून ते गाडीच्या खाली, सहसा मागच्या चाकाच्या आसपास बाहेर पडतं. म्हणजे थोडं पाणी आत येणं या रचनेत धरलेलंच आहे. अट एकच, ते बाहेर जायला हवं.

त्या पन्हळीत पानांचे तुकडे, परागकण, बारीक माती आणि खुद्द छताच्या कापडाचे तंतू पडत राहतात. ओलं झालं की त्याचा चिखल होतो आणि नळीच्या तोंडाशी बूच बसतं. पाणी पन्हळ ओलांडून आतल्या बाजूला सांडतं आणि सीटमागच्या गालिच्यात मुरतं. छत धुताना आपण वर घासून काढलेली घाणही याच पन्हळीत जाते. त्यामुळे जो माणूस छत जास्त वेळा धुतो आणि पन्हळ कधीच साफ करत नाही, त्याचीच गाडी लवकर तुंबते.

तुंबण्याची किंमत वासापुरती राहत नाही. बीएमडब्ल्यू झेड-४ च्या ई-८५ मॉडेलमध्ये छत उघडणाऱ्या हायड्रॉलिक पंपाची मोटर छताच्या खाचेत तळाशी, निचऱ्याच्या वाटेलाच आहे. नळी तुंबली की ती पाण्यात बुडते आणि छत चालेनासं होतं. पहिल्या पिढीच्या पोर्श बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचं (चोराला गाडी सुरू करू न देणाऱ्या यंत्रणेचं) कंट्रोल युनिट सीटखाली, गालिच्याच्या पातळीवर आहे. दोन्ही गाड्या जुन्या आहेत आणि दोन्हींच्या बाबतीत हे दुखणं मालकांना चांगलंच माहीत आहे. तुमच्या गाडीत सीटखाली आणि खाचेत काय काय बसवलंय ते एकदा बघून ठेवा.

नळ्यांची तोंडं कुठे आहेत ते बऱ्याचदा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. माझदा एमएक्स-५ मध्ये ती सीटच्या मागे, सीटबेल्ट जिथून निघतो त्या उभ्या भागाजवळच्या कोपऱ्यात सापडतात. इतर गाड्यांत छत अर्धवट उघडून थांबवावं लागतं. असं करताना खबरदारी घ्या. छताच्या सांगाड्याच्या कैचीत बोट सापडलं तर सुटका नाही. हायड्रॉलिक छत अर्ध्यात थांबवलं तर दाब उतरून ते हळूहळू खाली येऊ शकतं. त्याला लाकडाचा टेकू द्या, इग्निशन बंद करा, मगच हात घाला.

एक कप पाणी हळूहळू एका बाजूच्या तोंडाशी ओता आणि गाडीखाली वाकून बघा. पाणी लगेच, एकसारखं बाहेर यायला हवं. मग दुसऱ्या बाजूला तेच करा. दोन्हींच्या वेगात फरक दिसला तर मंद बाजू तुंबायला लागली आहे. "थोडं का होईना, जातंय ना" असं म्हणून सोडून देऊ नका. अर्धी तुंबलेली नळी रिमझिम पावसात निभावून नेते आणि मुसळधार पावसात फसवते. ओल कधी येते, कधी येत नाही, असं वाटण्याचं हेच कारण असतं.

साफ करताना आधी पन्हळीतला कचरा हाताने आणि व्हॅक्यूमने वर काढा. पाणी आधी ओतलंत तर तो नळीत जाईल. मग नळीत काहीतरी लवचिक सरकवा. गवत कापण्याच्या यंत्रातली जाड नायलॉनची दोरी उत्तम. तिचं टोक आचेवर धरून गोल करून घ्या. तारेचा हँगर, स्क्रूड्रायव्हर असलं काही घालू नका, नळीला भोक पडतं. कॉम्प्रेसरची हवाही नको. दाबाने नळी आतल्या सांध्यातून निसटते, आणि मग पाणी कायमचं पत्र्याच्या आत पडत राहतं. तिथे पोहोचायला अर्धी गाडी उघडावी लागते. खालच्या टोकाला काही गाड्यांत चोचीसारखी रबराची झडप असते. चिखल तिथेच जास्त साठतो, ती बोटांनी चेपून मोकळी करा. शेवटी कोमट पाणी थोडं थोडं ओतत राहा, खालून स्वच्छ येईपर्यंत.

पन्हळ साफ केल्यावर ओल थांबली तर बाकीचं डोक्यात घेऊ नका. सीटमागच्या ओलीत मी सगळ्यात जास्त वेळा हेच कारण पाहिलं आहे.

काच आणि रबर

कन्व्हर्टिबलच्या दाराच्या काचेला चौकट नसते. तिची वरची कड थेट छताच्या रबरात जाऊन रुतते. म्हणूनच दार उघडताना काच किंचित खाली येते आणि दार लावलं की वर जाते. ही छोटीशी हालचाल बिघडली तर पाणी आत येणारच. बॅटरी काढून पुन्हा जोडली की अनेक गाड्या काचेची वरची हद्द विसरतात आणि काच दोन-तीन मिलिमीटर खाली राहते. उपाय साधा आहे. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरायचं. किती सेकंद ते पुस्तिकेत असतं. "बॅटरी बदलल्यापासून गळतंय" असं कुणी म्हटलं तर मी दुसरं काही विचारायच्या आधी हे करायला सांगतो.

रबर दाबतंय की नाही हे कागदाच्या पट्टीने कळतं. पट्टी काच आणि रबर यांच्यात धरून दार लावा आणि ओढा. अडखळत आली तर ठीक. लोण्यातून सुरी निघावी तशी आली तर तिथे दाब नाही. कड धरून दर दहा सेंटिमीटरवर बघत जा. रबर नुसतं मळलेलं असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, ग्लिसरीन किंवा सिलिकॉन असलेलं रबराचं द्रव्य कापडावर घेऊन चोळा. पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावू नका. या रबराला खनिज तेल सोसत नाही, ते फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन फवारू मात्र नका. छतावर उडालं तर डाग पडतो आणि पुढे तिथे जलरोधक लेप धरत नाही.

दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण सुटलेलं असेल तर पाणी दाराच्या पोटातून उंबऱ्यावर येतं. स्पीकर किंवा काचेची मोटर बदलल्यानंतर हे हमखास होतं, कारण आवरण उचलून परत नीट चिकटवलेलं नसतं.

आता छत

गळती मिटल्यावरच कापडाकडे वळा. आधी तुमचं छत कापडाचं आहे की व्हिनाइलचं, ते बघा. चामड्यासारखी गुळगुळीत किंवा दाणेदार कातडी असेल तर ते व्हिनाइल. ते सौम्य क्लीनरने धुवायचं आणि उन्हापासून वाचवणारं व्हिनाइलचं द्रव्य लावायचं. कापडाचा स्प्रे त्याला उपयोगाचा नाही. पुढचं सगळं विणलेल्या कापडासाठी.

छतावर पाण्याचे चार थेंब टाका. गोल उभे राहिले तर लेप शाबूत आहे, स्प्रेची गरज नाही. पसरून गडद डाग झाला तर दोन शक्यता आहेत. लेप झिजला असेल, किंवा मळाखाली झाकला गेला असेल. म्हणून आधी धुवा, वाळवा आणि पुन्हा थेंब टाका. पुष्कळदा नुसत्या नीट धुण्याने थेंब परत उभे राहतात.

धुण्याआधी कोरडं असतानाच मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने धूळ काढा. माती भिजली की विणीत घट्ट बसते. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नका, ओलं फडकं त्यावर ठेवून ती सुटू द्या. मग सगळं छत सारखं भिजवा, एकच डाग धुतलात तर त्याभोवती कड उमटते. कापडी छतासाठीचा सौम्य क्लीनर आणि मऊ ब्रश घ्या, विणीच्या दिशेने हलक्या हाताने चालवा. शेवाळ असेल तर जोर वाढवू नका, क्लीनर थोडा वेळ मुरू द्या आणि सगळं पुन्हा करा. ब्लीच वापरायचा मोह होतो, कारण हिरवं लगेच उडतं. कापड कदाचित टिकेल, पण शिवणीचा दोरा आणि रबर यांची मला खात्री वाटत नाही. दोरा गेला तर छत गेलं. प्रेशर वॉशर जवळून मारणं तर नकोच. त्याने विणीचे तंतू उभे राहतात आणि पाणी रबराच्या कडांतून आत घुसतं.

स्प्रे का टिकत नाही, याचं उत्तर पुढच्या टप्प्यात आहे. खळखळून धुणे. साबणाचं कामच पाण्याला कापडात शिरू देणं हे आहे. तो विणीत थोडा जरी राहिला तर वर कितीही महागडा लेप लावा, पाणी आत ओढलं जातं. मेणयुक्त कार शॅम्पूने छत धुतलं असेल तर लेप मेणावर बसतो, कापडावर नाही. फेस दिसेनासा झाला की आपण थांबतो. मी त्यानंतर आणखी दोनदा पूर्ण छत धुतो. हाताने छत दाबल्यावर बुडबुडे आले तर अजून साबण आहे.

मग पूर्ण वाळणं. पाणीही ओढू शकणाऱ्या (वेट-ड्राय) व्हॅक्यूमने पाणी ओढून घ्या, मायक्रोफायबरने टिपा आणि छत लावलेलंच ठेवून सावलीत, वाऱ्यावर किमान एक दिवस सोडा. शिवणी सगळ्यात शेवटी वाळतात, बोट तिथे लावून बघा. ओलं छत घडी करून ठेवू नका. घडीत हवा नसते, बुरशी तिथेच धरते आणि सुरकुत्या कायमच्या पडतात.

लेप लावताना काचा आणि रंगवलेला पत्रा प्लास्टिकने झाका. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर, एक आडवा आणि एक उभा. शिवणींवर थोडं जास्त. काचेवर उडालेलं लगेच पुसा, वाळलं की निघत नाही. हे काम मोकळ्या हवेतच करा, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही, आणि तोंडावर योग्य मास्क ठेवा. या फवाऱ्यांचे सूक्ष्म कण श्वासात गेले तर फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. बाटलीवर जितके तास वाळवायला सांगितलंय तितके तास छत भिजवू नका आणि उघडू नका.

मागची खिडकी मऊ प्लास्टिकची असेल तर ती कोरडी कधीच पुसू नका. भरपूर पाण्याने धूळ वाहवून टाका, मग मऊ फडकं. अमोनिया असलेला काचेचा क्लीनर तिला पांढुरकी करतो. थंडीत ती कडक होते, तेव्हा छत घडी करू नका, चिरते. खरी काच असेल तर ती कापडाला चिकटवलेली असते. कडांवर जोर देऊ नका आणि चिकटवलेली कड कुठे सुटायला लागली आहे का ते धुताना बघत जा.

आतली ओल खरंच गेली का?

गळती बंद करूनही वास परत येण्याचं एकच मोठं कारण आहे, फोम वाळलेला नसतो. वरून पंखा लावून तो वाळत नाही. सीट काढता येत असेल तर काढा, गालिचा उचला, खाली काहीतरी ठेवून हवा खेळू द्या, आणि व्हॅक्यूमने दाबून दाबून पाणी ओढा. बंद जागेत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) रात्रभर चालवला तर फार फरक पडतो. सीटखालच्या एअरबॅगच्या वायरी मात्र बॅटरी न काढता सोडवू नका. संध्याकाळी फोमखाली कोरड्या वर्तमानपत्राची घडी सरकवा आणि सकाळी काढून बघा. कागद कुरकुरीत राहीपर्यंत गालिचा परत बसवू नका. सुगंधी द्रव्यं टांगून वास झाकला जातो, बुरशी तशीच वाढते.

गाडीवर कव्हर घालत असाल तर हवा जाणारं घ्या आणि गाडी कोरडी असतानाच घाला. ओल्या गाडीवरचं कव्हर ओल आत कोंडून ठेवतं.

मी आता महिन्यातून एकदा दोन्ही नळ्यांत एकेक कप पाणी ओततो, झाडाखाली गाडी राहिली तर आठवड्याला. लेप मात्र थेंब पसरायला लागले तरच, कॅलेंडर बघून नाही.

हे सगळं केल्यावरही शिवणीच्या रेषेतच थेंब दिसत असेल, तर सुईच्या भोकांतून रबराचा थर ओलांडून पाणी येतंय. कापडाच्या शिवणीसाठी मिळणारं पारदर्शक सीलंट कोरड्या शिवणीवर लावून बघा. आणि थेंब शिवणीपासून दूर, घडीच्या रेषेवर, कापडाच्या मधोमध येत असेल, तर भिजवलेला टॉवेल बाहेरून तेवढ्याच जागी अर्धा तास ठेवा. आतलं अस्तर ओलं झालं तर मधला रबराचा थर तिथे फाटला आहे. त्यावर कोणताही स्प्रे चालत नाही. छत शिवणाऱ्या कारागिराला दाखवा आणि नवं कापड कधी चढवायचं ते ठरवा.